नोटिशीवरची सही

बाबांची सही मला बाबांपेक्षा छान येते. त्यांची सही म्हणजे पाण्यात पडून धडपडणारा मुंगळा. माझी म्हणजे तोच मुंगळा, पण सुकवून इस्त्री केलेला.

बाबा बांधकाम कामगारांच्या युनियनमध्ये आहेत. इमारत उभी राहत असताना आत जायचं आणि कुठे कुणाच्या जिवाला धोका आहे ते बघायचं, हे त्यांचं काम. पण साइटवर असं मनाला येईल तेव्हा घुसता येत नाही. परवाना लागतो, आणि एक दिवस आधी कंपनीला लेखी नोटीस द्यावी लागते. बाबा एका बोटाने टाइप करतात, तेही बटणांशी जुनं वैर असल्यासारखं. म्हणून नोटिसा मी टाइप करते आणि ते सही करतात.

त्या मंगळवारी बाबांना ढोल्याकाकांचा फोन आला. ते सळया बांधतात आणि स्वतः सळईसारखेच आहेत, म्हणून थट्टेने ढोल्या. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टची पोकळी उघडी होती. कठडा नाही, फळी नाही. आदल्या दिवशी एकाचा पाय घसरला होता. पाइप हाताला लागला म्हणून वाचला. बाबा तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या साइटवर होते आणि नोटीस पाचच्या आत पोचायला हवी होती.

"मी करते!" बाबांनी मला फोन लावला तेव्हा मी म्हटलं. "तुम्ही काही काळजी करू नका."

"सहीचं काय?"

"बाबा, तुम्ही फोन ठेवा बघू."

मी साइटच्या गेटवरच्या मोठ्या निळ्या फलकावरून कंपनीचं नाव उतरवून घेतलं, शाळेजवळच्या दुकानात टाइप करून प्रिंट काढली, मुंगळा काढला आणि गेटवरच्या माणसाकडून पोच घेतली. पाचला दहा कमी. रस्त्यातच एक गिरकी घ्यावीशी वाटली. घेतलीही.

दुसऱ्या दिवशी बाबा आत गेले, पोकळीचे फोटो काढले. आठवड्याने कळलं की त्या फलकावरची कंपनी महिन्यापूर्वीच काम सोडून गेली होती. नव्या कंपनीने फलक बदललाच नव्हता. गेटवरचा माणूसही जुन्या कंपनीचाच. नवी कंपनी म्हणाली, आम्हाला नोटीस मिळालीच नाही, हा माणूस बेकायदा घुसला. तक्रार आल्यावर कामगार सुरक्षा खात्याच्या निरीक्षकांनी बाबांवर केस केली. करणं त्यांना भागच होतं, असं बाबाच म्हणाले. हे निरीक्षक खिशात कायम टेप ठेवतात, म्हणून कामगार त्यांना मोजपट्टी म्हणतात.

सुनावणीत एवढंच ठरायचं होतं. नोटीस ग्राह्य धरली तर बाबांचे फोटो पुरावा, आणि कंपनीला कठडा लावायचा हुकूम. नाही धरली तर परवाना रद्द आणि फोटो कचऱ्यात.

"तू नुसतं बसायचं," सुनावणीच्या दिवशी बाबांनी जिन्यातच बजावलं. "तोंडाला कुलूप."

आता माझ्या तोंडाला कुलूप! महिन्याभरापूर्वी मी आख्ख्या शाळेसमोर मुख्याध्यापिकांशी वाद घालून मधल्या सुट्टीत वाचनालय उघडं ठेवायला लावलं होतं. तेव्हापासून माझी खात्रीच झाली होती की खरं ते नीट, मोठ्याने सांगितलं की माणसं ऐकतात.

खोली लहान होती. सुनावणी घेणाऱ्या बाई थकलेल्या, पण चेहरा चांगला. सुरुवात तर झकास झाली. आमच्या वकीलबाईंनी फलकाचा फोटो दाखवला. सुनावणीच्या बाई मोजपट्टींना म्हणाल्या, "फलक कंपनीने बदलायचा की युनियनने? फलक वाचून लिहिलं असेल तर यांची काय चूक?"

 मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

मग बाईंनी सहज बाबांना विचारलं, "फलक तुम्ही स्वतः वाचलात ना?"

"हो."

"कधी?"

"मंगळवारी. चारच्या सुमाराला."

मोजपट्टींनी हळूच एक कागद पुढे सरकवला. "मंगळवारी साडेतीन ते साडेपाच हे दुसऱ्या साइटवर होते. तिथल्या वहीत यांची नोंद आहे."

 बाबांची मान लाल होत गेली. बाईंनी चष्मा काढला. खोटं बोलणाऱ्याकडे बघतात तसं त्या माझ्या बाबांकडे बघत होत्या, आणि ते मला बघवेना.

मी उठले. "बाई, ते खोटं नाही बोलत! म्हणजे... फलक मी वाचला. नोटीस मी लिहिली, वेळेत दिली, पोच घेतली. सहीसुद्धा मीच केली, ते पोचू शकत नव्हते म्हणून. सगळं नियमाप्रमाणे झालंय!"

वकीलबाईंनी डोळे मिटले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळ, नोटिशीवर सही परवानाधारकाचीच लागते. दुसऱ्याने केली तर ती नोटीसच नाही."

बाकीचं अर्ध्या तासात उरकलं. परवाना रद्द, दोन वर्षांसाठी. फोटो बाद.

व्हरांड्यात मोजपट्टी आमच्यापाशी थांबले. "कंपनीचं नाव चुकलं एवढाच मुद्दा असता तर मी हरलोच होतो," ते बाबांना म्हणाले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर औषधालाही नव्हता.

"आणि ती पोकळी?" बाबांनी विचारलं.

"ती साइट पुढच्या महिन्याच्या यादीत आहे. आधी घ्यायला माझ्याकडे कागद लागतो. होता तो आत्ता बाद झाला."

"माझ्याकडे आहेत की फोटो!" मी म्हटलं. "फोनमध्ये!"

"पोरी," ते म्हणाले, "ते मी बघितलेच नाहीत असं समजायचं असतं." आणि ते जिना उतरून गेले.

"बाबा, मला वाटलं..."

"ठाऊक आहे मला." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चिडले असते तर बरं झालं असतं. "मीच बस पकडून यायला हवं होतं. लेकीच्या सहीवर काम चालवायची मलाच सवय लागली."

बसस्टॉपवर त्यांनी ढोल्याकाकांना फोन लावला. मी शेजारी उभी होते, दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"दादा, उद्या येताय ना? फळ्या टाकल्या होत्या आम्ही, मुकादमाने काढून नेल्या. स्लॅबच्या सेंट्रिंगला लागतात म्हणे."

"नाही रे. मला आत येता येणार नाही."

"मग कोण येणार?"

बाबांनी रस्त्याच्या पलीकडे बघितलं. तिकडे काहीच नव्हतं.

"धोक्याच्या पट्टीची दोरी आहे का? लाल-पांढरी? चारी बाजूंनी बांध. आणि तिथे जो काम करेल त्याला सांग, पोकळीकडे पाठ करून उभं राहायचं नाही."

"दोरीने काय होतं हो, दादा?"

"काही नाही होत," बाबा म्हणाले. "तरी बांध."