रिकाम्या रकान्यातलं दुःख

रविवारी सकाळी अकराला आईच्या हॉलमध्ये चौदा माणसं दाटीवाटीने बसली होती आणि प्रत्येकाने आपापला फोन मांडीवर जपून धरला होता. भिंतीवरच्या टीव्हीत परमज्योती बोलत होते. पांढरे कपडे, मागे पांढरा पडदा आणि चेहऱ्यावर इतका उजेड सोडलेला की नाक कुठे संपतं ते कळू नये. आईची धाकटी लेक मनातल्या मनात त्यांना उजेडबाबा म्हणे.

“तुम्हाला वाटतं, तुम्ही मला बघताय,” उजेडबाबा म्हणाले. “चूक! मी तुम्हाला बघतोय. पेशीपेशीतला अंधार मला दिसतोय. आता हात जोडायचं बटण दाबा. बोटाने नको, आतून दाबा!”

चौदा अंगठ्यांनी आतून बटण दाबलं. कार्यक्रम संपला, आईने टीव्ही बंद केला आणि ओठांवर बोट ठेवलं. “आता कुणी बोलू नका. त्यांच्याकडून फोन येतील.”

आणि खरोखरच आले. दोन मिनिटं होतात न होतात तोच शिंपीणकाकूंचा वाजला, मग जिन्याजवळच्या आजोबांचा, मग एकदम पाच-सहा. लोक डोळे पुसत कोपरे गाठू लागले. ज्याचं गुडघ्याचं दुखणं त्याला गुडघा सांगितला जात होता, जिची सून बोलत नव्हती तिला सून. आई भिंतीला टेकून “हो... हो... डोळेच,” म्हणत होती.

धाकटीचं लक्ष मात्र फ्रिजकडे होतं. सकाळी दूध काढताना तिला तिथे थेंबांच्या सात बाटल्या दिसल्या होत्या, सातही सीलबंद. आईला काचबिंदू होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, थेंब रोज, जन्मभर. हा रोग दुखत नाही, कडेकडेने नजर खात येतो आणि खाल्लेली नजर परत देत नाही. धाकटी दर महिन्याला औषधाच्या दुकानातून बाटली घरपोच पाठवत होती आणि आपलं काम झालं असं समजत होती.

“बाहेरचं पाणी आतला दिवा विझवतं, असं सांगितलंय त्यांनी,” आई सकाळी म्हणाली होती. “आणि मला काय झालंय? तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, अजून सुईत दोरा ओवते मी!” असं म्हणून तिने कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला. आईने टेबलाला दोष दिला.

फोन आटोपले तशी धाकटी उठली. “आई, तू नाव नोंदवताना फॉर्म भरला होतास ना? त्यात ‘तुमचं दुःख थोडक्यात’ असा रकाना होता ना? तू डोळे लिहिलंस, त्यांनी डोळे वाचून दाखवले. यात चमत्कार कसला?”

“माझं सोड गं. मास्तरांचं काय?”

मास्तर दुसऱ्या मजल्यावरचे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, खर्ड्यात एक अक्षर चुकलं तरी पान फाडणारा माणूस. ते सावकाश बोलले. “मी तो रकाना रिकामा सोडला होता. मुद्दाम. म्हटलं, बघू तरी. तरीही मला काय सांगितलं माहीत आहे? ‘एक गोष्ट तुम्ही घरातसुद्धा कुणाला सांगितलेली नाही, आणि ती तुम्हाला झोपू देत नाही.’” त्यांनी हातातला फोन वर धरला. “हे कुणालाच माहीत नाही पोरी. कुणालाच.”

हॉलमध्ये सगळे गहिवरले. धाकटीने मात्र लॅपटॉपची पिशवी जवळ ओढली. ते वाक्य तिचं होतं. शब्द न् शब्द.

तिच्या ऑफिसात हेच काम चालायचं: एकमेकांना न ओळखणारी दोन सॉफ्टवेअर जोडून द्यायची. प्रोग्राम लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि बाणांनी जोडायचे. वर्षभरापूर्वी एक काम आलं होतं. गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक आणि ‘आरोग्यविषयक ऑनलाइन कार्यक्रम’ एवढंच. कार्यक्रमातून माणूस बाहेर पडला की त्याची माहिती कॉल सेंटरकडे जावी. फोन दोन मिनिटांनी लागावा, कारण ‘लगेच लागल्यास संशय येतो’. दुःखाचा रकाना भरलेला असेल तर तो फोन करणाऱ्या मुलीच्या पडद्यावर दिसावा. आणि रिकामा असेल तर? तिथे कुणालाही लागू पडेल असं काहीतरी हवं होतं. धाकटीने चहा पितापिता एक वाक्य टाकून दिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेली होती.

तिने लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांसमोर ठेवला. “हे बघा. हा चौकोन म्हणजे कार्यक्रम. हा बाण. इथे दोन मिनिटं थांबायचं. आणि हे कॉल सेंटर. हे वाक्य मी लिहिलंय, मास्तर. तुमच्याबद्दल मला काही म्हणता काही माहीत नव्हतं.”

कुणाचा विश्वास बसेना. बारा वाजता तोच कार्यक्रम पुन्हा होता. धाकटीने नवीन नोंदणी केली: नाव ‘खुर्ची’, दुःख रिकामं. उजेडबाबांनी तेच शब्द उच्चारले, त्याच ठिकाणी खोकले, त्याच हाताने पाण्याचा पेला उचलला. दहा मिनिटांनी ती बाहेर पडली. दोन मिनिटं. फोन वाजला. तिने आवाज मोठा केला.

“खुर्चीताई बोलताय का?” एका दमलेल्या मुलीचा आवाज आला. मागे तीस-चाळीस मुलींचा गलबला होता. “परमज्योतींना तुम्ही दिसलात. एक गोष्ट तुम्ही घरातसुद्धा कुणाला सांगितलेली नाही...”

शिंपीणकाकूंना हसू आलं. धाकटी म्हणाली, “ताई, हे तुम्हाला कसं कळलं?”

मुलीने आवाज खाली आणला, “समोर येतं ते वाचते हो मी. फोन ठेवू का? मागे साहेब उभे आहेत.”

धाकटीला वाटलं, संपलं. याहून उघड काय असतं? तिने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती, आणि चेहरा फुलला होता.

“म्हणजे माझ्या लेकीच्या हातून झालं हे!” आई म्हणाली. “एवढ्या माणसांतून त्यांनी तुला निवडलं!”

“आई, कुणी निवडलं नाही! काम आलं, मी केलं!”

“वाक्य तू लिहिलं असशील,” मास्तर म्हणाले, “पण माझी झोप खरंच उडाली आहे. ती काही तू उडवली नाहीस. मग ते वाक्य तुला सुचवलं कुणी?”

“झोप कुणाची उडालेली नाही मास्तर? या चौदा जणांना विचारा!”

मास्तरांनी कुणालाच विचारलं नाही. ज्याने भूगोलाच्या वर्गात पोरांना ग्रहणाच्या सावल्या काढून दाखवल्या होत्या, तो माणूस फोन खिशात घालून निघून गेला. बाकीचेही उठले. जाताना आजोबांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिला तो झिडकारावासा वाटला.

मंगळवारी ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. नजरेच्या तपासणीचा कागद आला, गेलेली नजर काळ्या रंगात दाखवलेला. डावा डोळा जवळजवळ सगळा काळा. उजव्यात मध्यभागी एक पांढरा ठिपका उरला होता, सुईत दोरा ओवण्यापुरता. “गेलं ते गेलं,” डॉक्टर म्हणाले. “थेंब चालू ठेवले असते तर बहुतेक इतकं गेलं नसतं. आता उरलेलं तरी राखा.”

घरी येऊन आई कोच चाचपत बसली आणि म्हणाली, “फोनवरच्या मुलीने सांगितलं होतं, आधी अंधार वाढेल, घाबरू नका. बघ, तसंच झालं.”

धाकटीला रडू कोसळलं. नजर सुधारली असती तरी बाबा खरा, आणि गेली तरी बाबा खरा. या गणितात खोटं ठरायला जागाच ठेवली नव्हती. ऑफिसात तिने ते चौकोन मोडून टाकले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मुलाने अर्ध्या तासात पुन्हा जोडले. रविवारी अकरा वाजता फोन वाजले. ती आता रोज आईकडे जाऊन बाटली घेऊन उभी राहते, आणि आई डोळे घट्ट मिटून घेते.

तेव्हा वाचकहो, कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा: हे त्याला कुठून कळलं, आणि हेच वाक्य आज आणखी किती जणांना ऐकवलं? जो उपाय कधीच चुकू शकत नाही, त्याच्यापासून लांब राहा. आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर आज थेंब घातले का, हे स्वतः विचारा. धाकटीच्या आईला हे सात महिन्यांत कुणीही विचारलं नव्हतं, धाकटीनेही नाही.