जांभळे ठिपके

आमच्या घरात गाडीचे नट-बोल्ट आवळायची एक पद्धत होती. मी पान्यानं आवळायचो आणि बायको त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. ठिपका नसेल तर गाडीला किल्ली लावायची नाही. मी विसराळू आहे हे तिला लग्नाआधीच कळलं होतं, असं ती चारचौघांत सांगायची. नेलपॉलिश जांभळी होती. रंग आवडला म्हणून घेतली आणि बोटांना लावल्यावर आवडली नाही, म्हणून ती बाटली हत्यारांच्या पेटीत आली.

गाडी म्हणजे क्रूझर मोटरसायकल. लांब, बुटकी, दोन सिलिंडरची, उचलायला दोन माणसं लागतील अशी. मी चालवायचो, ती मागे बसायची. मग तिला ताप आला, तो छातीत उतरला आणि ती दवाखान्यातून परत आली नाही. त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही. मुलगी मात्र ती घेऊन कामावर जायला लागली.

मुलगी लिफ्ट दुरुस्त करते. रोज नदीवरच्या पुलावरून जाते. संध्याकाळी गाडीचा आवाज कोपऱ्यावर ऐकू येईपर्यंत मी काही खात नाही. पुलावर एकदा एका ट्रकनं तिला कठड्यापर्यंत दाबत नेलं. घरी आल्यावर ती हसत सांगत होती, पण हेल्मेट काढायचं विसरली होती. म्हणाली, गाडीचा आवाज म्हणजे कुणीतरी रजाईत तोंड खुपसून घोरतंय असा आहे, ट्रकवाल्यांना ऐकूच जात नाही. नवे पाइप लावूया, मोठ्या आवाजाचे. धूर मोकळा गेला की इंजिनाला हवाही जास्त लागते, म्हणून हवेचा फिल्टरही उघडा, मोठा. पेट्रोलचं प्रमाण नंतर दुकानात जाऊन बसवून घ्यायचं. एरवी मी नाही म्हणालो असतो. पण तो ट्रक माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. आवाजानं ती वाचणार असेल तर शेजाऱ्यांच्या शिव्या खायला मी तयार होतो.

सुट्टीच्या सकाळी मी शेडमध्ये कामाला लागलो. जुने पाइप सहज निघाले. पाइप पुढे इंजिनाला नटांनी बसतात आणि मागे एका लोखंडी पट्टीला चार बोल्टांनी टांगलेले असतात. आधी सगळं हातानंच, सैल लावायचं. पाइप सरळ बसले की पुढून आवळत यायचं आणि पट्टीचे चार बोल्ट सर्वांत शेवटी. पुढे इंजिनापाशी रंग जळून जातो, म्हणून आमचे ठिपके या चार बोल्टांवरच असायचे. ते घट्ट म्हणजे सगळं घट्ट.

नव्या पाइपांबरोबर नवे बोल्ट आले होते. मी ते शर्टाच्या खिशात टाकले. जुने बोल्ट तारेच्या ब्रशनं घासले, पण डोक्यांवर ब्रश जाऊ दिला नाही. तिथे तिचे ठिपके होते. एक ठिपका जरा ओघळलेला होता, कारण तेव्हा मी तिला हसवलं होतं. तेच चार बोल्ट मी पुन्हा हातानं फिरवून लावले. नवा फिल्टरही जागेवर ठेवून त्याच्या झाकणाचा स्क्रू बोटांनी लावला.

किती घट्ट झालं ते मोजणारा पाना माझ्याकडे नव्हता. तो दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या लेथवाल्यानं नेला होता. मुलगी आत कपडे धूत होती. तिला न सांगताच मी निघालो.

लेथवाला माझा जुना दोस्त आहे. त्यानं बळंच बसवून घेतलं. या वयात लोक गुडघ्यांना तेल लावतात आणि तू गाडीला पाइप लावतोस, असं म्हणून तो हसला. मग बायकोचा विषय निघाला. तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलीचा निरोप होता.

"बाबा, पुलापलीकडच्या इमारतीत लिफ्टमध्ये माणूस अडकलाय. गाडी नेते. ठिपके बघून घेतले."

मी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. फोन लावला तर वाजत राहिला. गाडी चालवताना ती फोन पिशवीत टाकते. हे तिला मीच शिकवलं होतं.

लेथवाल्याला मी काय झालं ते सांगितलं. त्यानं लगेच टेम्पोची किल्ली घेतली. मी हातात पाना घेऊन बसलो. नवे बोल्ट शर्टाच्या खिशातच होते, ते टेम्पोच्या हादऱ्यांनी वाजत होते.

हातानं लावलेले बोल्ट गाडीच्या थरथरीनं सुटतात. आधी मागचा एखादा, मग त्याचा भार दुसऱ्यावर. पाइप मागून खाली येतो. वळणावर गाडी कलली की तो रस्त्याला टेकतो आणि गाडी उचलून फेकतो. मला सगळं माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं. पुलावर चढायच्या आधी एक मोठं वळण आहे आणि वळणानंतर ट्रक.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून कान देत होतो. मग लक्षात आलं, मी कशाला कान देतोय? नव्या पाइपांनी गाडी आम्ही चालू केलीच नव्हती. तिचा आवाज आता कसा येतो हे मला माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत मी तोच एक आवाज ओळखत होतो आणि तोही माझ्याच हातांनी काढून टाकला होता.

गतिरोधकापाशी लेथवाल्यानं वेग कमी केला आणि मला रस्त्याच्या कडेला काहीतरी चकाकताना दिसलं. मी उतरलो. फिल्टरचं झाकण होतं. एका बाजूला खरचटलेलं.

"हे नुसतं झाकण आहे. झाकणाशिवाय गाडी चालते," लेथवाला म्हणाला.

"पाइपाशिवायही चालते. पडेपर्यंत."

त्यानं टेम्पो पुढे काढला. मोठ्या वळणावर मी रस्त्यावर ओरखडे शोधत होतो. काचा, तेल, काहीही. रस्ता स्वच्छ होता. पण त्यानं जिवाला आराम पडला नाही, कारण पूल अजून बाकी होता. पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं. मी दार उघडलं तर लेथवाल्यानं माझं मनगट धरून ठेवलं. जवळ गेल्यावर कळलं की एका ट्रकचं टायर बसलंय. ड्रायव्हर फुटपाथवर बसून केळं खात होता. मला त्याचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं.

गाडी इमारतीच्या सावलीत उभी होती. स्टँडवर, नीट, तिचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मी उतरून टेम्पोपाशीच उभा राहिलो. लेथवाल्यानंच आधी जाऊन वाकून पाहिलं. मग तो बाजूला सरकला.

पट्टीचा एक बोल्ट गेला होता. दुसरा अर्ध्याहून जास्त बाहेर आला होता. पाइप मागून चार बोटं खाली लोंबत होता. पुढच्या सिलिंडरचा एक नट शेवटच्या आट्यांवर होता आणि तिथे काजळी उडाली होती. अजून एक वळण आलं असतं तर. त्याच्यापुढचा विचार मी केला नाही.

वर जाऊन तिला बघावं म्हटलं, पण ती लिफ्टच्या खोलीत काम करत होती, तिथे मध्येच हाक मारलेली चालत नाही. अडकलेला माणूस केव्हाच सुटून घरी गेला होता, असं वॉचमननं सांगितलं. पाइप तापलेले होते. ते निवेपर्यंत पाना लावता येत नाही. मी गाडीशेजारी फरशीवर बसून राहिलो.

ती खाली आली तेव्हा हातांना ग्रीस होतं. आम्हा दोघांना बघून आधी हसली.

"एवढ्या लांब पाना घेऊन? बाबा, आवाज एकदम झकास आहे. जरा फटफटतो, पायाला गरम हवा लागते. म्हटलं नवीन आहे, असंच असेल."

मी बोट दाखवलं. तिनं वाकून पाहिलं. मग ती हळूच माझ्याशेजारी खाली बसली.

"पण ठिपके होते. मी चारही बघितले."

"ते आईचे होते. जुने. मी पुसले नाहीत."

ती ओघळलेल्या ठिपक्याकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे आईनंच सांभाळलं."

लेथवाल्यानं मान हलवली. मलाही हो म्हणता आलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "आईच्या ठिपक्यांनीच घात झाला असता. रस्ता चांगला होता म्हणून वाचलीस. दुसरं काही नाही."

ती रडली नाही. तिनं उठून माझ्या खिशातून नवे बोल्ट काढून घेतले. पाइप निवल्यावर आम्ही काम केलं. पुढून सुरुवात, पट्टी शेवटी. लेथवाल्यानं पाइप धरला, मी पाना मारला, मुलगी बघत होती. उरलेले तीन जुने बोल्ट मी खिशात टाकले.

मग तिनं तिच्या कामाच्या पिशवीतून पिवळा पेन काढला. लिफ्टच्या बोल्टांवर ते लोक त्यानं खूण करतात. ठिपका नाही, रेघ. बोल्टाच्या डोक्यावरून निघून पट्टीवर उतरणारी.

"बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते," ती म्हणाली. "ठिपका नुसता बोल्टाबरोबर फिरत राहतो."

परत येताना ती पुढे होती आणि आम्ही टेम्पोनं मागे. नवा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जाड, खालच्या पट्टीतला, पुलावरच्या ट्रकच्या घरघरीतही वेगळा कळणारा. तो जरा लांब गेला की माझा हात आपोआप डॅशबोर्डावर जायचा आणि लेथवाला वेग वाढवायचा.

आता रोज सकाळी ती निघण्याआधी मी टॉर्च घेऊन गाडीशेजारी वाकतो आणि चारही रेघा बघतो. ती हेल्मेट घालून उभी राहते. उशीर होत असला तरी घाई करत नाही. मी उठून बाजूला झाल्यावरच किल्ली फिरवते.