कनीजची हरकत

इकबालभाईंची चूक एवढीच, की त्यांनी कस्टमर केअरला खरं सांगितलं.

काळेवाडीत त्यांचं रबरी गॅस्केट बनवायचं छोटं वर्कशॉप. वर्कशॉपच्या वेबसाइटचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते बायकोनं सात वर्षांपूर्वी स्वतःच्या नावावर घेतलेलं. चाकणच्या ऑर्डरी त्याच नावाच्या मेलवर यायच्या. कनीज फेब्रुवारीत गेली, आणि आता नावाची मुदत बारा दिवसांवर आली होती. ती हुकली तर मेलही बंद आणि ऑर्डरीही.

"सर, मालक कनीज शेख आहेत. त्यांना फोन देता?" डोमेन कंपनीच्या कस्टमर केअरमधल्या मिनल नावाच्या मुलीनं विचारलं.

"त्या वारल्या, बेटा."

"ओह. सॉरी सर." पलीकडे कीबोर्ड खडखडला. "खातं लॉक केलंय."

शेजारच्या लेथवाल्या दत्तोबांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "वहिनींचा मोबाइल तुमच्या ड्रॉवरात हाय न्हवं? चालू हाय?"

"आहे." इकबालभाई दर महिन्याला त्यात रिचार्ज टाकत होते. का, ते दत्तोबांनी कधी विचारलं नव्हतं.

"मग ओटीपी आला असता, टाकला असता, मिटलं असतं. कस्टमर केअरला खरं कोण सांगतं व्हय, इकबालभाई?"

मग कागद सुरू झाले. मृत्यूचा दाखला, आधार, प्रतिज्ञापत्र, मुलाचं ना हरकत पत्र. सगळं पाठवलं, तर फाइल एक एमबीपेक्षा मोठी म्हणून परत आली.

"बेटा, आता माझ्या बायकोचं जाणं एक एमबीत कसं बसवू?"

"काळं-पांढरं स्कॅन करा ना सर. बसतं."

बसलं. सहाव्या दिवशी कागद पास झाले. इकबालभाईंनी दत्तोबांना चहा पाजला, तेवढ्यात मिनलचा फोन आला.

"सर, आता शेवटची स्टेप. जुन्या मालकांना मेल जाईल. त्यांची हरकत असेल तर त्यांनी लिंक दाबायची."

"जुन्या मालक म्हणजे?"

"कनीज मॅम."

"अगं, तिचा दाखला तूच पास केलास ना?"

"हो सर. पण सिस्टिम विचारतेच. पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर होकार समजतात."

फोन ठेवून इकबालभाई हसायलाच लागले. "दत्तोबा, हिच्या सिस्टिमला कनीज माहीतच नाही. ती गप्प बसली म्हणजे नकार. सांगवीत फ्लॅट घेऊ म्हटलं होतं, आठवतंय? काही बोलली नाही. अजून काळेवाडीतच आहे मी."

"आता पाच दिवस त्या फोनला हात लावू नका, बास."

ड्रॉवरात फोन वाजला. मेल आला होता. खाली लाल बटण होतं : हरकत आहे.

इकबालभाईंनी बटणाला हात लावला नाही. पण रोज सकाळी तो फोन चार्ज करून ते टेबलावर सुलटा ठेवायचे आणि काम करता करता मान वळवून बघायचे. रेशनकार्डावरून नाव गेलं होतं, बँकेतून गेलं होतं. कनीजला काही विचारणारं एवढंच एक ऑफिस उरलं होतं, तेही पाच दिवसांपुरतं. चौथ्या दिवशी तर त्यांना वाटलं, दाबावं. तेवढं तरी भांडण होईल.

दाबलं नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मिनलचा फोन आला.

"अभिनंदन सर, मॅमची काही हरकत नाही. डोमेन तुमच्या नावावर झालं, मुदतही वाढली."

"पहिल्यांदाच," इकबालभाई म्हणाले.

"काय सर?"

"काही नाही. पुढं?"

"फॉर्ममध्ये तुम्ही दुसरा संपर्क म्हणून एक नंबर दिलाय. तुम्ही फोन नाही उचलला तर त्यावर विचारायचं का?"

इकबालभाईंनी टेबलावरचा कनीजचा फोन उचलून बाहीनं पुसला.

"विचारा. आणि बेटा, लिहून ठेव. तिकडून उत्तर नाही आलं तर नकार समजायचा."