पत्ता माझा, मालक कंपनी

मी एक जुना, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मित्रांनो, माझे मालक समुद्रापलीकडे दुसऱ्या देशात राहतात. त्यांनी मला राहण्यासाठी घेतले नव्हते, गुंतवणूक म्हणून घेतले होते. तरी पहिली काही वर्षे ते यायचे, भिंतीवर थाप मारायचे आणि "दणकट आहे हो," म्हणायचे. तेवढ्यावर मी वर्षभर खूश असे.

माझ्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई भाड्याने राहतात. मालक त्यांना मावशी म्हणतात.

मागच्या वर्षी एका सल्लागाराने मालकांना पटवले, की मला स्वतःच्या नावावरून काढून कंपनीच्या नावावर करावे. कर वाचतो. मालकांनी कंपनी काढली. विकणारे म्हणून एक सही केली, मग पेन बदलून घेणारे म्हणून दुसरी. कंपनीला इथलाच पत्ता हवा होता. त्यांनी माझाच दिला. मी कुणाचा तरी होतो, तो कंपनीचा झालो, आणि कंपनी माझ्यातच राहायला आली. मला मात्र ती अजून दिसलेली नाही.

मग न्हाणीघरातला गॅसचा गीझर बिघडला. ज्योत पिवळी पडली, भिंतीवर काजळी धरली, बाईंचे डोके दुखू लागले. दुरुस्तीवाला म्हणाला, "मालकाच्या सहीशिवाय हात लावत नाही." बाईंनी फोन केला.

"मावशी, मी आता मालक नाही. कंपनीला लेखी कळवा."

"कंपनी म्हणजे कोण?"

"मीच."

"मग सांगते की आत्ताच."

"आत्ता मी घरून बोलतोय हो. दोन्ही व्यवहार वेगळे ठेवायचेत, सल्लागारानं बजावलंय."

"अहो, पण पत्ता तर माझ्याच घराचा दिलाय."

"मग पोचायची काळजीच नाही."

बाईंनी पत्र टाकले. तिसऱ्या दिवशी ते माझ्याच दाराच्या फटीतून आत पडले. वर कंपनीचे नाव. दुसऱ्याचे पत्र उघडायचे नाही, ही बाईंची शिस्त. त्यांनी ते आरशाखाली नीट ठेवले. आता तिथे चार पत्रे आहेत.

मित्रांनो, मला फार भीती वाटते. थंडी आली आहे. आज बाईंनी साऱ्या खिडक्या घट्ट लावल्या, झरोक्यात चिंधी कोंबली. गीझरच्या विषारी वायूला आता बाहेर जायला वाटच उरली नाही. मला ओरडता येत नाही. तुम्हाला एवढेच सांगतो, घर हवे त्याच्या नावावर करा, पण हाक मारली तर ओ देईल असा एक माणूस त्याला ठेवा.

बाई टॉवेल घेऊन निघाल्या आहेत. न्हाणीघराचे दार ओलीने फुगले आहे. मी सगळा जीव त्या चौकटीत आणला आहे. बाईंनी एकदा ढकलले, दोनदा खांदा लावला. दार हलले नाही.

"घ्या. आता दाराचंही कळवा कंपनीला," असे पुटपुटत त्या कागद घेऊन टेबलाशी बसल्या.

आजचा दिवस गेला.