पावशेर आणि विश्रांतीची पकड

माझा नवरा भिंतीवर पकडी बसवतो. क्लायंबिंगच्या हॉलमधली ती उंच प्लायवूडची भिंत, तिला सगळीकडे पाडलेली भोकं आणि त्या भोकांत बोल्टने आवळलेल्या रंगीत पकडी. कुठली पकड कुठे यायची हे तो ठरवतो. मग लोक त्या वाटेने चढतात, पडतात आणि त्याला शिव्या घालतात. पहिली शिवी घरची असते.

माणसाला हात पसरून मोजलं तर तो जेवढा उंच, साधारण तेवढाच रुंद भरतो. नवरा ताडमाड आहेच, वर त्याचे पसरलेले हात उंचीपेक्षाही वीतभर जास्त भरतात. माझे माझ्या उंचीपेक्षा चार बोटं कमी. उंचीबद्दल न बोललेलं बरं, हॉलमध्ये मला पावशेर म्हणतात. आणि हा माणूस मला शांतपणे सांगतो, "हाताच्या लांबीवर काही नसतं गं. सगळं तंत्रावर असतं." हे वाक्य मी आजवर एकाही आखूड हाताच्या माणसाकडून ऐकलेलं नाही.

यंदा हॉलच्या मालकीणबाईंनी शिकवायला एक बाई नेमायचं ठरवलं. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवते. मला ती जागा हवी होती, इतकी की झोपेत भिंत दिसायची. उमेदवार दोघीच, मी आणि शिडी. शिडीची उंची नावावरून कळेल. नवऱ्याने एक नवी वाट लावायची, दोघींनी दोनदा चढायचं, जी जास्त वर जाईल तिला जागा, असं ठरलं.

नवऱ्याने घरी त्या वाटेबद्दल चकार शब्द काढला नाही. सासूबाई म्हणाल्या, "अरे, बायकोसाठी जरा सोपी लाव की."

"आई, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग तत्त्वालाच सांग जेवायला वाढायला," म्हणून त्या उठून गेल्या.

वाट अशी होती: मध्यावर छतासारखा पुढे आलेला भाग. त्याच्याखाली अंगाची घडी घालून, पाय हातांशेजारी आणून सरकायचं. हा सगळ्यात अवघड भाग असं नवऱ्याने ठरवलं होतं, कारण तिथे त्याचे स्वतःचे गुडघे मावत नव्हते. छत संपलं की दमलेल्या माणसाला दया म्हणून एक मोठी, हात भरून येईल अशी पकड. तिला तो विश्रांतीची पकड म्हणत होता.

आधी शिडी चढली. छताखाली तिचे गुडघे कानाला लागले आणि ती पडली.

मग मी. छताखाली मी सोफ्यावर बसावं तशी बसले. मग सरकून कडेला आले आणि वर पाहिलं. विश्रांतीची पकड माझ्या बोटांपासून चांगली वीतभर लांब होती. माझ्या कमरेला बांधलेला दोर भिंतीवरच्या कड्यांतून खाली जातो; पडले तर सावरायला तो धरून नवरा खाली उभा होता. तो ओरडला, "हात लांब कर!"

"आहे तेवढा केलाय!"

लोक हसले. माझी बोटं घसरली आणि मी सुटले.

दुसऱ्या खेपेला शिडी कशीबशी छताखालून निसटली, विश्रांतीची पकड तिने सहज हात वर करून घेतली, आणखी थोडं चढली आणि मग पडली. म्हणजे आता मला तिच्याही वर जायला हवं होतं.

नवरा पाण्याची बाटली घेऊन आला. "एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

मी आधीच चिडले.

"ती पकड एक भोक खाली होती. तिथे तुझा हात पोचला असता. काल मीच वर घेतली. लोक म्हणाले असते, बायकोला सोपी करून दिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हेच का तुझं तत्त्व?"

"नाही. घाबरलो." तो खाली बघत होता. "आत्ता जाऊन मालकीणबाईंना सांगतो. खाली घेतो."

"शिडी तिथूनच चढलीये. आता हात लावायचा नाही."

"मग तू पोचणार कशी?"

"उडी मारून."

त्याचा चेहरा उतरला. उडी म्हणजे हात-पाय सगळं सोडून द्यायचं. आणि नवरा दोर धरतो तेव्हा मी जरा हलले तरी तो दोर आवळतो. काळजीने आवळतो, मला मान्य आहे. पण आवळलेला दोर उडीच्या मध्येच मागे खेचतो. इतकी वर्षं मी ते बोलले नव्हते. काळजी करणाऱ्याला काय बोलायचं?

मी शिडीकडे गेले. "माझा दोर धरशील?"

"मी? अगं, तू पडलीस तर जागा मला मिळणार आहे."

"माहितीये. तू निदान ओढणार नाहीस."

मागे उभ्या नवऱ्यानेही ते ऐकलं. शिडीने दोर उचलला. "ढिला हवा ना?"

"चांगला ढिला."

तिने पँटला हात पुसले. नवऱ्याने तिला इतक्या सूचना दिल्या की शेवटी मालकीणबाईंनी त्याला बाजूला उभं केलं.

छताच्या कडेला आले तेव्हा कमरेवर दोराचा ताण नव्हता. मला भीती वाटली, खरंच वाटली. मग मी सगळं सोडलं.

उजव्या हाताची बोटं पकडीच्या कडेला लागली, पाय हवेत झुलले, डावा हात मागून आला. पकड उत्तम होती, नवऱ्याने चांगली निवडली होती. मी तिथे विश्रांती घेतली नाही. पुढचं नीट आठवत नाही. शेवटची पकड मी दोन्ही हातांनी धरली, एवढं आठवतं.

खाली शिडी आनंदाने ओरडत होती, जागा गेली तरी. नवरा भिंतीकडे पाठ करून उभा होता. "अहो, बघा आता! पोचली!" ती म्हणाली, तेव्हा तो वळला.

मी खाली उतरले. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. तो नेहमीसारखा माझ्या कमरेची गाठ सोडायला पुढे आला. त्याचे ते लांब हात दोरापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले.

"तूच सोड," तो म्हणाला.

गाठ घट्ट बसली होती. मला वेळ लागला. तो थांबला.