शंभराला एक

निरंजनने टेप सोडला. तो कर्रकन मिटला.

“काका, हे तुम्ही हातानं केलेलं नाही.”

विश्राम तांडेल स्टुलावरून उठले. पुनावळ्याच्या या खोलीत अकरा महिने त्यांनी या छोट्या गलबतासाठी सागवानी फळ्या वाफवून वाकवल्या होत्या. गुरुवारी बायकोचं, अंबुबाईचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. पैसे भरले तरच.

“साहेब, असं कसं म्हणता?”

“मी दिलेल्या नकाशात गलबत सहाशे मिलिमीटर आहे. हे सहाशे सहा भरतं. डोलकाठी तीनशेच्या जागी तीनशे तीन. हाताची चूक कुठं कमी, कुठं जास्त असते. ही सगळीकडे सारखी. कॉम्प्युटरवर चित्र जरा वाढवून मशीननं कापलं की असं होतं. आमच्यासारखे गलबतं जमवणारे लोक हाताला पैसे देतात, काका. मशीनची गलबतं ढिगानं मिळतात.”

“आतली एकेक फासळी मी तासलीय.”

“आत कसं बघणार? बंद आहे.”

विश्रामनी हत्यारांची पेटी जमिनीवर उपडी केली. पटाशी उचलून तिची धार त्यांनी वरच्या फळीच्या सांध्यात घातली.

“अहो, काय करताय! मोडेल!”

“मोडू दे. बघायचंय ना तुम्हाला?”

फळी कुरकुरली. तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलातून अंबुबाई, सकाळपासून तिसऱ्यांदा.

“काय झाला ओ? आवडला त्येंका?”

“बघतायत,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. खाली सांडलेल्या हत्यारांत पोलादी पट्टी पडली होती. ते तिच्याकडे बघत राहिले. मग सावकाश खाली बसले.

“चूक माझीच, साहेब.”

त्यांनी पट्टी गलबताला लावली. बरोबर सहाशे. डोलकाठीला लावली. तीनशे.

“एकतीस वर्षं चिंचवडला फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न केले. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच शंभराला एक वाढीव असते. हाताला तीच सवय. लाकूड काय आकसणार होतं?”

निरंजनने पट्टी घेतली. अंगठ्याच्या जागी तिचे आकडे पुसट झाले होते. पाच-सहा ठिकाणी त्याने स्वतः मोजून पाहिलं.

“ही चूक दुसऱ्या कुणाला जमायची नाही,” तो म्हणाला. “घेतो मी. ठरल्या किमतीला, पैसे आत्ताच. पण पट्टी सोबत द्या. तिच्याशिवाय माझं कुणाला पटणार नाही.”

“साहेब, पुढचं गलबत पट्टीशिवाय...”

निरंजनने पट्टी त्यांच्या हातात देऊन खोकं पुढे सरकवलं.

विश्रामनी पट्टी सदऱ्याला दोन्ही बाजूंनी पुसली आणि खोक्यात गलबताशेजारी ठेवली.

गाडी गेल्यावर त्यांनी फोन लावला.

“घेतल्यानी?”

“घेतल्यानी. पैसे भरूक येतंय.”

“मग आता दुसरा कधी करतलास?”

विश्राम उरलेल्या फळीवर वीत ताणून मोजत होते. पुन्हा मोजली. दोन्ही वेळा वेगळी भरली.

“बघूया,” ते म्हणाले.