मावशीची कात्री आणि एक उडी

मित्रांनो, यावर तुमचा विश्वास बसायचा नाही, पण एका बाईचा हात मी एका उडीत वाचवला! हसू नका. मी एक जुनी, पोलादी, वजनाने भारी आणि स्वभावाने तिखट अशी शिवणकामाची कात्री आहे. या पत्र्याच्या डब्यातल्या रिळांनो, बटणांनो, आणि काम आटोपून आत्ताच वेटोळं घालून बसलेल्या टेपबाई, तुम्हाला माझी कथा ऐकावीच लागेल.

भट्टीत तापून, ऐरणीवर मार खाऊन मी जन्मले. कपडे शिवणाऱ्या मावशीच्या हाती आले, तेव्हा माझी नुसती सावली पडली तरी कापड दुभंगायचं. "कात्री आहे की वीज!" गिऱ्हाइकं म्हणायची. पोलाद फुगत नाही म्हणतात, पण मी फुगायचे.

पुढे माझी धार बोथट झाली. मावशी दुप्पट जोराने मला दाबू लागली. काज-बटणं करणारी तिची धाकटी बहीण सारखी म्हणायची, "ताई, हिला धार लावून आण गं."

"चालतंय की!" मावशी म्हणायची. धारवाला आपल्या कात्रीची वाट लावील, हा तिचा पक्का समज.

मग तिच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. करंगळी तेवढी ठणठणीत. झोपेतून उठून ती हात झटकायची. थंडी बाधली म्हणून तिने इतका बाम चोळला, की त्या वासाने कापडं शिंकू लागली! मग कुणीतरी मनगटाला आधाराचा पट्टा आणून दिला. झोपेत मनगट सरळ राहावं, म्हणून तो झोपताना बांधायचा. हिने काय करावं? दिवसभर त्या पट्ट्याशी झगडत कापड कापलं आणि झोपताना तोच काढून ठेवला. "आता तरी हाताला मोकळं सोडते बाई!" म्हणत तोच हात दुमडून गालाखाली घेतला. टेबलावर पडल्या पडल्या मी नुसती चरफडायचे. सांगणार कशी? माझं तोंड उघडतं ते फक्त कापायला!

सुई ओवता येईना, कपबशी हातातून निसटू लागली, तरी आपलं "चालतंय की." अगं, काय चालतंय? डोंबलाचं! बहीण आलेली कामं परत पाठवू लागली. कापायचं टेबल सुटलं, तर मावशीजवळ उरणार काय होतं?

शेवटी मीच मनावर घेतलं. एके सकाळी एक डॉक्टरीणबाई पांढऱ्या कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आल्या. मावशीने मला उचललं मात्र, मी अशी उडी मारली, हवेत अशी कोलांटी घेतली, की थेट त्यांच्या चपलेपुढे फरशीत रुतून उभी!

त्यांनी मला सोडून मावशीचाच हात उचलला. अंगठ्याखालचा उंचवटा चाचपून म्हणाल्या, "मावशी, इथलं मांस झडलंय. कधीपासून?"

"चालतंय…"

"नाही चालत. मनगटात चिंचोळा बोगदा असतो, त्यातून बोटांकडे नस जाते. तिथे दाटी झाली, की ती चेपते. लवकर आला असतात, तर झोपताना पट्टा बांधून आणि हाताला आराम देऊन कदाचित भागलं असतं. आता तपासणी करू, पण बहुधा त्या बोगद्याचं छप्पर कापून नस मोकळी करावी लागेल."

"हात राहील ना माझा?" मावशीचा आवाज दोऱ्याएवढा बारीक झाला होता.

झालं तेही ऑपरेशन. त्यांचं पातं म्हणे नखाएवढं! माझ्यापुढे काय ते? पण मुंग्या गेल्या, मावशीला गाढ झोप लागू लागली. म्हणून सांगते मित्रांनो, कात्रीला वेळेवर धार लावा आणि हात वेळेवर डॉक्टरांना दाखवा. आता मावशी अगदी पहिल्यासारखी झालीय. रोज सकाळी मलाच हाती घेते आणि…

"थापाडे!" टेप ताडकन उलगडली. "अगं, गंज चढलाय तुझ्यावर! मावशी त्या नव्या हलक्या कात्रीने कापते, तेही थांबत थांबत. अंगठ्यात पहिला जोर आलाच नाही तिच्या. आणि उडी कसली मारतेस? तेव्हा मी तिच्या गळ्यात होते. तू हातातून गळून पडलीस, तरी मावशी बोटं तशीच मिटून उभी होती. तू हातात नाहीस, हेच तिला कळलं नव्हतं!"